पितळ्या माळ्यावर गेल्या ते दिवस

नातसुनेने ओट्याखाली भांडी घासायचं मशीन बसवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी मला त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसवलं. आत पाणी फिरल्याचा आवाज येत होता. बाहेरून काही दिसेना. सिनेमा सुरू व्हायची वाट बघावी तशी मी बसून राहिले.

"आज्जी, आता सांगा, यानं घरातलं काम हलकं होतं का नाही?"

"विचार करून सांगते," म्हटलं. माझ्या वयाच्या बाईने असं म्हटलं की लोक समजून घेतात आणि विषय बदलतात. पण मी खरंच विचार केला, कारण हा प्रश्न माझ्या संसारात फार पूर्वी एकदा येऊन गेला होता. तेव्हा मशीन नव्हतं. झाडाची पानं होती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझं माहेर कणकुंबीच्या अलीकडच्या रानातलं, सासर बेळगावात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मराठी शाळेत मास्तर होते. त्यामुळे भाऊबंदांची सगळी पोरं शिकायला आमच्या घरी. कुणी पुतण्या, कुणी भाचा, कुणी नुसताच गाववाला. आमचे हे तेवढे बाहेरगावी कॉलेजात. शेतावरून जोंधळा यायचा, तांदूळ यायचे, जेवायची ददात नव्हती. ददात होती ती जेवल्यानंतरची. प्रत्येकाला एक पितळी. पितळी म्हणजे उभ्या काठाचं पितळेचं ताट. भाकरी कुस्करून वर आमटी ओतायला तिच्यासारखं सुख नाही, आणि काठाच्या कोनात बसलेला आमटीचा तवंग राखेने काढण्यासारखं दुःख नाही. हे दुःख आमच्या घरात एकट्या आत्तीच्या वाट्याला होतं. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची.

त्या थंडीत आत्तीच्या उजव्या हाताला नखुरडं झालं. बोटांच्या बेचक्या पाण्याने आणि राखेने आधीच फुटलेल्या, त्यात हे. हळद भरून झाली. बोटावर टोपीसारखं लिंबू बसवून झालं. लिंबू घालून ती भाकऱ्या थापायला बसली तेव्हा मला हसू आवरेना, आणि तिलाही. पण सूज शेजारच्या बोटावर चढली तसं हसणं थांबलं. मामंजी तिला दवाखान्यात घेऊन गेले, मी सोबतीला. डॉक्टरांनी चिरा देऊन पट्टी बांधली आणि बजावलं, "हात कोरडा ठेवायचा. पाणी नाही, राख नाही. ऐकलं नाही तर बोट काढावं लागेल."

आत्तीने विचारलं, "बोट काढल्यावर भाकरी थापाय येती काय?"

"एका बोटावर थांबलं तर बघू," डॉक्टर म्हणाले.

वाटभर ती पट्टीचं बोट डाव्या मुठीत धरून चालली. तिच्या भाकरीचं नाव आमच्या भावकीत निपाणीपर्यंत होतं. दुसरं कसलं नाव तिला कधी कुणी दिलं नव्हतं.

मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "आत्ती, मी हाय की. तुम्ही बसा नुसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं जेवून उठली आणि आडाच्या कट्ट्यावर पितळ्यांची रास बघितली तेव्हा तो रुबाब कुठे गेला ते मला आजवर सापडलेलं नाही. माहेरी आम्ही केळीच्या पानावर नाहीतर मातीच्या परळात जेवणारी माणसं. त्यात मी शेंडेफळ. पहिल्या दिवशी विटकरीची भुकटी घेऊन ताकाचं भगुणं असं काही घासलं की आतली कल्हईच निघून गेली. मला वाटलं, केवढं चकाकतंय! संध्याकाळी त्यातलं ताक कळकलं, हिरवं झालं. पोरांनी एकेक घोट घेऊन परसाकडे धाव घेतली.

मग मी अक्कल चालवली. म्हटलं, एकेक पितळी घासत बसायची कशाला? जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत सगळ्या पितळ्या बुडवल्या, वरून राख ओतली आणि लाकडाने ढवळत उभी राहिले. आपोआप निघतील! बेळगावातलं पहिलं मशीन मीच काढलं म्हणायचं. पण बेळगावची थंडी आणि आडाचं गार पाणी. तेलाचा तवंग गोठला आणि ज्या दोन-चार पितळ्या बऱ्या होत्या त्यांनाही चिकटला. शिवाय त्या दिवशी म्हशीने डोणीत तोंड घालून जे फुरफुरवलं, ते मला अजून ऐकू येतं.

आत्ती दारातून बघत होती. इतका वेळ तिने दम धरला होता. आता ती पदर खोचत आली, मला बाजूला सारलं आणि पट्टीसकट हात डोणीत घातला.

"आत्ती, डाक्टर काय म्हणाले!"

"डाक्टरच्या घरात कोण घासतंय ते इचार आदी."

संध्याकाळपर्यंत हात टम्म सुजला. रात्री मामंजी स्वतः पट्टी बदलत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हा मला कळून चुकलं की ह्या बाईला नुसतं नको म्हणून काही व्हायचं नाही. घाण पितळी डोळ्यांसमोर आहे तोवर ती हात घालणार. आणि माझ्या हातून पितळी स्वच्छ निघणार नाही, हेही सिद्ध झालेलं. तेव्हा पितळ्याच नजरेआड करायला हव्या होत्या.

त्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ तांदळाची गाडी घेऊन बाजाराला आला. त्याला म्हटलं, "आण्णा, पुढच्या खेपेला पानं आण. कुंभ्याची, पळसाची, मिळतील तेवढी."

"कशाला गं? कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचं न्हाय. रोज जेवायला."

तो इतका हसला की बैल बुजले. पण त्याने पानं आणली. अर्धी गाडी तांदूळ आणि अर्धी गाडी पानं. पितळ्या पोत्यात भरून माळ्यावर गेल्या.

मामंजींनी सगळ्या पोरांपुढे माझं कौतुक केलं. "ह्या वयात सासूसाठी इतका विचार! हिचं मन बघा."

आत्ती कोपऱ्यातून म्हणाली, "मन कशाला बघताय? कंबर बघा तिची. चार दिसांत मोडलीया."

पोरं खिदळली. मी मान खाली घालून बसले, आणि खरं सांगते, तिचंच बरोबर होतं. सासूचं बोट आणि माझी कंबर, दोन्ही त्या गाडीतून आली होती. कुठली आधी चढली ते मी आजही सांगणार नाही.

आता मला वाटलं होतं, सुटले. कसली सुटते! पत्रावळ काय झाडाला लागते? पानाला पान जोडून बांबूच्या बारीक चोयांनी टाचत बसायचं. दोन्ही वेळच्या सगळ्यांच्या. आणि स्वयंपाकाची भगुणी, तवा, काठवट उरलीच. ती काही पानांची होत नव्हती. (नातसुनेचंही तेच. मोठा कुकर आणि कढई ती अजून हातानेच घासते, मी काही बोलत नाही.) हिशेबाने बघितलं तर काम तसूभरही कमी झालं नव्हतं.

पण एक फरक पडला होता. घासायचं काम आडावर, उकिडवं बसून, एकटीने, पाठ घराकडे करून. टाचायचं काम सोप्यावर, म्हणजे पुढच्या दाराआतल्या खोलीत, मांडी घालून, उन्हाच्या तिरिपेत, दोघींनी. आत्तीला डावा हात होता. ती पान धरून ठेवायची, मी चोय घालायची. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं आणि तोवर मी तिला दुपारी बसलेली बघितलीच नव्हती. बसल्यावर ही बाई बोलते, हाही शोधच. तिनेही म्हणे सून म्हणून आल्या आल्या आडात तांब्या पाडला होता, आणि तो पडला हे कुणाला कळू नये म्हणून वर्षभर देवाला नवस बोलत होती. 

"मग सापडला?"

"सापडला की. आड उपसला तवा. माझ्या सासूचा एक निघाला, माझा एक निघाला. दोगी बी गप बसलो."

त्या दुपारी नसत्या तर मी त्या घरात जेवणारी-रांधणारी पाहुणी राहिले असते. आईपासून इतक्या दूर येऊन पडल्याचं जे एक ओझं होतं, ते पानं टाचता टाचता कधी उतरलं ते कळलं नाही. त्याबद्दल मी त्या नखुरड्याची आभारी आहे, असं म्हणायला जीभ धजत नाही, पण आहे.

पत्रावळी मात्र माझ्या तशाच. पहिले काही दिवस मी पानं उलटी टाचत होते, शिरांची बाजू वर. त्यात मध्ये फटी. आमटी वाढली की ती पोरांच्या आधी जमीन प्यायची. एकदा मामंजींच्या पानातून ओघळ निघाला तो थेट त्यांच्या धोतरात. मामंजींनी शांतपणे धोतर वर घेतलं आणि म्हणाले, "भूगोल शिकवाय बरं आहे. नदी अशी उगम पावते." दोन्ही वेळ मी शेणाने सारवत होते. ताटं घासायची चुकली आणि भुई घासायची आली.

आणि गल्लीत बोभाटा झाला तो वेगळाच. पत्रावळीवर जेवण म्हणजे घरात कार्य, हे कुणाला सांगावं लागतं? एक तर लग्न, नाहीतर श्राद्ध. आमच्या परड्याबाहेर रोज दोनदा उष्ट्या पत्रावळ्या पडायच्या, गल्लीतली सगळी गुरं जेवणाच्या वेळेला हजर. पलीकडच्या घरी एक कानडी म्हातारी होती, आम्ही तिला अज्जी म्हणायचो. ती रोज कट्ट्यावरून विचारायची, "ऊटा आत्रि?" जेवण झालं का, एवढंच. ती आता पुढचंही विचारू लागली.

"आज कुणाचं गं?"

"कुणाचं न्हाय, अज्जी. रोजचंच जेवण."

"काल पण, आज पण? तुमच्यात पितर लई हाईत की!"

अज्जीच्या तोंडून ते कुठे कुठे गेलं देव जाणे. तिचा जावई तंबाखूच्या दलालीत, त्याचं निपाणीला येणं-जाणं. आणि निपाणीला मामंजींची थोरली बहीण दिलेली. तिला घरात सगळे आक्का म्हणत. जावयाने तिला एवढंच सांगितलं: वैनींचा हात लई वाईट झालता म्हणे, आणि आता तुमच्या भावाच्या दारात पत्रावळ्यांचा ढीग पडतोय. आक्कांनी दोन्हीची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सोप्यावर पानं टाचत होतो. मामंजी आणि पोरं शाळेत. गल्लीच्या तोंडाला कुणी तरी बाई गळा काढून रडत येत असल्याचा आवाज आला.

"कुणाचं झालं गं?" आत्तीने कान टवकारले.

आवाज जवळ येत गेला, आणि आम्हाला शब्द कळायला लागले.

"वैनी गं माझे! मला न सांगता कशी गेलीस गं!"

मी दाराच्या फटीतून बघितलं. निपाणीच्या आक्का. सर्व्हिस मोटारीची धूळ अंगावर, पदर डोळ्याला, मागे गल्लीतल्या चार बायका गोळा झालेल्या.

"आत्ती, ह्या तुमच्यासाठीच रडत्यात!"

मी दार उघडायला उठले तर आत्तीने डाव्या हाताने माझं लुगडं धरलं. "थांब. ऐकू दे जरा."

बाहेर आक्का उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. "तुझ्यासारखी भाकरी आता कोण थापंल गं! पापुद्रा सुटायचा गं, पापुद्रा! माझ्या भावाचं घर तू धरलंस गं! कवा उलटून बोलली न्हाईस गं!"

आत्ती माझ्या कानाशी म्हणाली, "बगितलंस? जितेपणी एकदा तरी म्हटली असती." पण तिचे डोळे भरून आले होते. बाहेरची बाई रडत होती आणि आतली रडत होती, आणि मध्ये एक लाकडाचं दार. मला काय करावं कळेना, म्हणून मी हसले. त्या वयात मला दुसरं काही येतही नव्हतं.

शेवटी आत्ती उठली, पट्टीच्या हातानेच कडी काढली आणि म्हणाली, "वन्सं, भाकरीचं झालं. आमटीचं काय न्हाय काय?"

आक्कांचा गळा जिथे होता तिथेच राहिला. मागच्या बायकांतली एक किंचाळून पळाली. मग आक्कांनी जे तोंड सोडलं ते रडण्याच्या वरताण. "मेले, दारामागं उभी ऱ्हाऊन ऐकतीस! मी मोटारीत निपाणीपासनं रडत आलो! कंडक्टर बी रडला!" आणि शिव्या देता देताच त्यांनी आत्तीला मिठी मारली, ती सुटेना. पट्टीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. सगळी हकीकत मी सांगितली. पितळ्या, डोणी, डॉक्टर, बोट.

"आता आलाय तर जेवा," आत्ती म्हणाली. "पान वाढते. टिपूसही गळत न्हाय आता."

गळलं. पण आक्का राहिल्या. दोन दिवसांसाठी म्हणून राहिल्या आणि संक्रांत करून गेल्या. भाकऱ्यांचं त्यांनी बघितलं. पापुद्रा सुटायचा नाही त्यांचा, हे त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं.

पोरांना आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की आपलं पान आपण उचलून परड्यात टाकायचं. आत्तीचा हात असा, मी चुलीपाशी अडकलेली, दुसरं कोण उचलणार? पोरं ते खेळासारखं करायची. मामंजींचं पान तेवढं मी उचलायची. घरात मोठ्या माणसाने उष्टं उचलायची रीत नव्हती. आक्कांनी ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा मी वाकले तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे." आणि भावाकडे वळल्या.

"काय रं मास्तर, शाळेत पोरांस्नी वळण लावतोस. आपलं पान उचलाय येत न्हाय व्हय?"

थोरली बहीण. तिच्यापुढे मामंजींचं मास्तरपण चालत नव्हतं.  मामंजी उठले, पत्रावळ दोन्ही हातांत धरून नैवेद्य न्यावा तशी नेली. वाटेत आमटी ठिबकत गेली, तो ओघळ मी सारवला. पण त्या दिवसापासून ते रोज नेऊ लागले. सुरुवातीला अज्जी कट्ट्यावर नाही ना हे बघून. पुढे बघणंही सोडलं. 

शिमग्याच्या सुमाराला आण्णा रिकामी गाडी घेऊन आला. "झाडाला पान न्हाय आता. फुलंच फुलं. फुलावर जेवता काय?" म्हणाला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आत्तीची पट्टी शेवटची सोडली. नख गेलं होतं, पेर थोडं वाकडं राहिलं, पण बोट जागेवर होतं. घरी आल्या आल्या तिने काठवट ओढली. पहिली भाकरी वाकडी झाली, दुसरी बरी झाली, तिसरीला पापुद्रा सुटला. मी मोठ्याने ओरडले आणि पोरं धावत आली.  तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि चौथीचं पीठ घेतलं.

पितळ्या माळ्यावरून उतरल्या. मला धडकी भरली होती. माझ्या कंबरेसाठी भरली होतीच, पण ह्या वेळी खरोखर त्या बोटासाठीही. डॉक्टर म्हणाले होते की नवी कातडी कोवळी आहे, राखेचा हात अजून चालायचा नाही. पितळ्या पुन्हा कट्ट्यावर रचल्या की आत्ती पदर खोचणार, हे मला दिसत होतं. पोरं जेवत असताना ती पंक्तीकडे बघत होती तेव्हा तिलाही तेच दिसत होतं, मला वाटतं. 

पंक्तीची जेवणं झाली; आम्ही दोघी मागून बसायच्या. मामंजी उठले. सवयीने दोन्ही हातांनी समोरचं उचललं, आणि उचलल्यावर लक्षात आलं की हे पान नाही. परड्यात टाकून चालायचं नाही. ते पितळी घेऊन तसेच उभे राहिले. पोरंही आपापल्या पितळ्या घेऊन त्यांच्या मागे उभी. कुणालाच पुढे काय करायचं माहीत नव्हतं. मी पुढे व्हायला निघाले आणि पायात पाय अडकून तिथेच बसले, तेही बरंच झालं.

मामंजींनी आत्तीकडे बघून विचारलं, "राख कुठं असती गं आपल्यात?"

त्या घरात त्यांचा जन्म झाला होता.

आत्ती अर्धी उठली होती. ती खाली बसली. "चुलीच्या अंगाला," ती म्हणाली. "चाळून घ्या, खडा असतोय. घासायची नारळाची शेंडी कट्ट्यावर दगडाखाली हाय." मग म्हणाली, "आदी काठ घासायचा. मदलं आपोआप निगतंय."

ते गेले. मागोमाग पोरं गेली. आडावर रहाटाचा आवाज, पितळ्यांचा खणखणाट, कुणाची तरी पितळी दगडावर आपटली, कुणीतरी कुणाच्या अंगावर पाणी उडवलं. अज्जीची कट्ट्यावरून हाक आली, तिला काय उत्तर मिळालं ते ऐकू आलं नाही. आत्ती भिंतीला टेकून, हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. दोन्ही कोरडे.

मी विचारलं, "आत्ती, बघून येऊ काय, कसं घासत्यात ते?"

"नगं," ती म्हणाली. "बस हितं. माझ्यासंगट जेव."